कुत्रा पिसाळला, की त्याच्या मेंदूला सूज आली?

आजचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. मी माणसांचा डॉक्टर, त्यामुळे या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा मधुमेह, रक्तदाब, डेंग्यू, सिकलसेल अशा विषयांवर बोलतो. आज मात्र सुरुवात एका कुत्र्यापासून करायची आहे, कारण त्या कुत्र्यामुळे माझ्या कामातली एक मोठी उणीव मला दिसली.

पावसाळा संपत आला होता. तुमसरपासून थोड्या अंतरावरच्या खेड्यातून एक शेतकरी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाच्या मनगटावर दाताचा ओरखडा होता, किंचित रक्तही आलं होतं. सोबत मुलाची आई, काका आणि शेजारचे एक आजोबा होते. सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

"डॉक्टरसाहेब, घरचा कुत्रा पिसाळला जी. पोराले लागला."

"कुत्रा कुठे आहे?"

"सकाळीच मारला जी गाववाल्यायनं. बोडीच्या पाळीजवळ गाडून टाकला."

इथपर्यंतची गोष्ट तुमसर तालुक्यातल्या कुठल्याही डॉक्टरला नवी नाही. मी जखम धुवायला सांगितली, लस आणि सिरमची व्यवस्था केली. हात चालू असताना सहज विचारलं, "कुत्र्याला काय होत होतं?" आणि मुलाने जे सांगितलं त्याने माझा हात थांबला. कुत्रा तीन-चार आठवड्यांपासून आजारी होता. मधूनच अंग तापायचं, मग दोन-चार दिवस बरा असायचा, पुन्हा तापायचं. खात असूनही बारीक होत गेला. तोंड आणि मागचे पाय सुजले. एक डोळा "दुधावानी निळा" झाला. शेवटचे चार दिवस मागच्या पायांनी लडखडत होता, भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा, भुंकण्याचा आवाज बसला होता. त्या दिवशी सकाळी मुलाने अंगावरून हात फिरवला तर वळून चावला.

हे रेबीजचं वर्णन असू शकतं का? असू शकतं. पण तीन-चार आठवड्यांचा चढता-उतरता ताप, सूज आणि निळा डोळा हे सगळं एकत्र आलं की आणखी एका आजाराचं नाव डोक्यात यायला हवं, आणि ते म्हणजे सर्रा. खरं काय होतं ते आता कोणीच सांगू शकत नव्हतं, कारण उत्तर बोडीच्या पाळीजवळ गाडलेलं होतं.

सर्रा म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडचे शेतकरी सर्रा ओळखतात तो बैल, म्हशी आणि घोड्यांचा आजार म्हणून. तो होतो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे. हा जीव रक्तात, लाल पेशींच्या मधून, मासोळीसारखा वळवळत पोहतो. लाल पेशीच्या साधारण तिप्पट लांब असतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो.

त्याचा शोध आपल्याच उपखंडात लागला. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे (आज हे गाव पाकिस्तानात आहे) घोडे आणि उंट पटापट मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने त्यांच्या रक्तात हा परजीवी पाहिला. ट्रिपॅनोसोमा जातीचा जीव रोग घडवू शकतो, हे जगात पहिल्यांदा इथे दिसलं. इव्हान्सची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो पशुवैद्य होताच, पण त्याने माणसांच्या वैद्यकशास्त्राचीही पदवी घेतलेली होती. दोन्ही विद्या एकाच डोक्यात होत्या. आज त्या दोन वेगळ्या इमारतींत बसतात, आणि त्यांच्यातला फोन क्वचितच वाजतो. या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे.

सर्रा या नावाचीही गंमत आहे. काही इंग्रजी शब्दकोश या शब्दाचं मूळ मराठीत दाखवतात आणि ते नाकातून सुटणाऱ्या श्वासाच्या आवाजाशी जोडतात. म्हणजे आजार आपला, नावही बहुधा आपलंच. आपणच तो विसरत चाललो आहोत.

तो पसरतो कसा?

मलेरियात परजीवीला डासाच्या पोटात वाढावं लागतं. सर्र्याचं तसं नाही. गुरांना चावणारी मोठी गोमाशी आजारी जनावराचं रक्त पिताना हुसकावली जाते आणि तोंडाला लागलेलं ओलं रक्त घेऊन शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. तेवढ्याने काम होतं. एकच सुई दोघांना टोचावी, तसा हा प्रकार आहे.

आता आपला भाग डोळ्यांसमोर आणा. धानाच्या बांध्या, बोड्या, मामा तलाव, वैनगंगेचा काठ, पावसाळ्यात आणि त्यानंतर गोठ्यात घोंगावणाऱ्या माश्या. म्हशीला बऱ्याचदा हा आजार होऊनही ती वरून ठीक दिसते, दूध थोडं कमी होतं इतकंच. पण तिच्या रक्तात परजीवी टिकून राहतो. त्याच गोठ्याच्या दारात कुत्रा झोपलेला असतो.

कुत्र्याला दुसरीही वाट आहे, ती म्हणजे तोंडाची. सर्र्याने मेलेल्या जनावराचं ताजं मांस किंवा रक्त खाल्लं तर तोंडातल्या बारीक जखमांतून परजीवी आत शिरतो. मांस खाणाऱ्या प्राण्यांमध्ये ही वाट चांगलीच ठाऊक आहे. २००० साली ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात डझनभर वाघ काही दिवसांत दगावले, त्यात पांढरे वाघही होते. त्या मृत्यूंचं कारण हाच ट्रिपॅनोसोमा ठरला. पिंजऱ्यातल्या वाघाची ही गत होते, तर गावाबाहेर फेकलेलं ढोर ओढणाऱ्या आपल्या कुत्र्याची काय कथा?

रक्तातला आजार मेंदूत कसा जातो?

हा भाग थोडा समजून घेण्यासारखा आहे.

शरीरात परजीवी शिरला की आपली प्रतिकारशक्ती त्याचं बाहेरचं आवरण ओळखून त्याविरुद्ध हत्यारं तयार करते. ट्रिपॅनोसोमाकडे यावर एक युक्ती आहे. त्याच्याकडे वेगवेगळ्या आवरणांचा मोठा साठा असतो. प्रतिकारशक्तीने एक अंगरखा ओळखला की बरेचसे परजीवी मरतात, ताप उतरतो, घरच्यांना वाटतं कुत्रा बरा झाला. पण दुसरा अंगरखा घातलेले काही परजीवी शिल्लक असतात. ते वाढतात आणि पुन्हा ताप चढतो. "दोन दिवस बरा, तीन दिवस वाईट" हे त्या शेतकऱ्याचं वर्णन म्हणजे हीच लपाछपी.

ती आठवडेच्या आठवडे चालली की त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो. लाल पेशी कमी होतात, गाठी सुजतात, अंगावर सूज येते. डोळ्याच्या आत दाह होऊन पारदर्शक पडदा निळसर-पांढरा होतो. काही जनावरांत परजीवी रक्त आणि मेंदू यांच्यातली राखणदार भिंत ओलांडून मेंदूत आणि त्याच्या आवरणांत पोचतो. त्याला मारायला शरीराच्या पांढऱ्या पेशी मागोमाग येतात आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती थर करून बसतात. मृत जनावराच्या मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर वाहिनीला पेशींची बाही चढवल्यासारखी दिसते. या सुजेत पू नसतो, पण मेंदूचं काम बिघडायला ती पुरेशी असते.

मग कुत्रा लडखडतो, गोल फिरतो, भिंतीला डोकं लावतो, मालकाला ओळखत नाही, दचकून चावतो. घशाला सूज आली तर आवाज बदलतो, लाळ गळते. गावाच्या दृष्टीने तो "पिसाळला".

रक्तातून मेंदूत गेलेली अशी सूज फक्त सर्र्यात दिसते असं नाही. ब्राझीलमध्ये आणि भूमध्य समुद्राच्या आसपास कुत्र्यांना काळा आजार, म्हणजे लिशमानिया, मोठ्या प्रमाणात होतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी अशा कुत्र्यांच्या मेंदूत आणि आवरणांत सूज दाखवली आहे. बाहेरून मेंदूचं एकही लक्षण नसलेल्या काही कुत्र्यांमध्येही ती सापडली. आपल्या देशातला काळा आजार मात्र मुख्यतः माणसाकडून माणसाकडे, वाळूमाशीमार्फत जातो, म्हणून त्यासाठी इथे कुत्र्यावर बोट ठेवायचं कारण नाही. गोचिडांमुळे होणारा बॅबेसिया आणि विषाणूमुळे होणारा डिस्टेंपर हेही कुत्र्याच्या मेंदूपर्यंत जातात. मेंदूत दिसणारं लक्षण दरवेळी मेंदूतच सुरू झालेलं नसतं.

आम्हा माणसांच्या डॉक्टरांना हे नवं वाटायला नको. पूर्व विदर्भात काम केलेल्या प्रत्येकाने मेंदूचा मलेरिया पाहिलेला आहे. तापाने फणफणलेला, असंबद्ध बडबडणारा, झटके येणारा तरुण "बाहेरचं लागलं" म्हणून आधी मांत्रिकाकडे जातो आणि दोन दिवस वाया घालवून आमच्याकडे येतो. रक्ताच्या एका काचेवर ज्याचं निदान होऊ शकतं, त्याला आपण भूत म्हणतो. कुत्र्याच्या बाबतीत आपण तेच करतो, फक्त मांत्रिकाऐवजी काठी असते.

मग तो रेबीज नाही असं समजायचं का?

नाही. अजिबात नाही. इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे.

वरचं वाचून कोणी "आमच्या कुत्र्याला सर्रा असेल, सुया कशाला" असा अर्थ काढला, तर हा लेख लिहिल्याचा मला पश्चात्ताप होईल. रेबीजची लक्षणं माणसात सुरू झाली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. लक्षणांच्या आधी योग्य उपचार झाले तर तो टळतो. या दोन वाक्यांच्या मध्ये जुगार खेळायला जागा नाही.

नुसतं पाहून दोन्ही आजार वेगळे करता येत नाहीत. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा अंगावर धावून येतोच असं नाही. रेबीजचा एक प्रकार मुका असतो. त्यात जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात आणि कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो. "कुत्रा पाणी पितो, म्हणजे पिसाळलेला नाही" हेही खोटं आहे. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे, कुत्र्यावर ते लावू नका. एक फरक उपयोगी असतो. रेबीजची लक्षणं सुरू झालेला कुत्रा साधारणपणे दहा दिवसांच्या आत मरतो, तर सर्रा अनेक आठवडे रेंगाळू शकतो. पण हा फरक पशुवैद्यासाठी आहे. त्यावर विसंबून घरच्यांनी लस टाळायची नाही.

आणखी एक मुद्दा. कुत्र्याच्या रक्तात सर्रा सापडला, म्हणजे त्याला रेबीज नाही असं सिद्ध होत नाही. एकाच कुत्र्याला दोन्ही असू शकतात. माझ्या एका रुग्ण ताईंनी असंच केलं होतं. कुत्रा चावला, लसीचे दोन डोस झाले, मग कुत्र्याच्या रक्तात सर्रा निघाला आणि ताईंनी पुढचे डोस सोडून दिले. "डॉक्टर, आजार तर सापडला ना?" असं त्या फोनवर म्हणाल्या. त्यांना परत बोलवायला मला तीन फोन करावे लागले. त्यांनी डोस पूर्ण केले, कुत्राही औषधाने सुधारला. पण चूक मी समजावून न सांगितल्याची होती, हे मी मान्य करतो.

कुत्रा चावला, ओरखडलं किंवा चाटलं, तर काय करायचं?

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. ही १५ मिनिटं खूप मोठी असतात आणि तितकीच मोलाची. त्यानंतर जंतुनाशक लावा.

२. मिरची, चुना, हळद, तेल, माती, झाडपाला यातलं काहीही लावू नका. जखम घाईने शिवून घेऊ नका.

३. त्याच दिवशी दवाखान्यात जा. नुसत्या अंगावर, कातडी शाबूत असताना, चाटलं असेल तर लसीची गरज नसते. रक्त न येता ओरखडा किंवा चिमटा बसला असेल तर लस लागते. रक्त आलं असेल, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत अँटी-रेबीज सिरम किंवा इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. फक्त लस घेऊन घरी येऊ नका. "सिरम हवं का?" असं स्वतःहून विचारा.

४. लसीचे डोस पूर्ण करा. कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. दंडाच्या स्नायूत देतात ती ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. ज्यांनी आधी पूर्ण लस घेतलेली आहे त्यांनी तसं डॉक्टरांना सांगावं. त्यांचे डोस कमी असतात आणि सिरम लागत नाही.

५. कुत्रा जिवंत असेल तर त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवा, पण लस सुरू करायला ते १० दिवस थांबू नका. कुत्रा दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल तर पुढचे डोस कसे ठेवायचे ते डॉक्टर ठरवतील.

माणसाला सर्रा होतो का?

त्या मुलाच्या वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला. उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

२००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी सुमारे पाच महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने हैराण होता. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसला. माणसाच्या रक्तातला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय नीट ओळखून नोंदवला गेला तो या रुग्णात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आणि परदेशी तज्ज्ञ यांनी मिळून २००५ मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे जुनं औषध मिळवण्यात आलं. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासल्यावर परजीवी मेंदूकडे गेलेला नाही असं दिसलं, म्हणून ते औषध चालणार होतं, कारण सुरामिन मेंदूत नीट पोचत नाही. रुग्ण बरा झाला.

पण यालाच का झाला? गुरांमध्ये वावरणारे लाखो शेतकरी आहेत, गोमाश्या सगळ्यांनाच चावतात. उत्तर २००६ मध्ये मिळालं. आपल्या सगळ्यांच्या रक्तात एपीओएल-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते या परजीवीला फोडून मारतं. या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकप्रतींत दोष होता, त्यामुळे त्याच्या रक्तात हे प्रथिन नव्हतंच. कोटाचा दरवाजाच नव्हता म्हणा ना. त्याच्या गावातल्या सुमारे १८०० लोकांचं रक्त तपासलं गेलं. अनेकांच्या रक्तात परजीवीशी संपर्क आल्याच्या खुणा मिळाल्या, पण त्यातल्या जास्त संशयित लोकांच्या रक्तात शोधूनही परजीवी सापडला नाही. दरवाजा शाबूत होता.

म्हणजे निश्चिंत व्हायचं का? बहुतांशी हो, पण पूर्ण नाही. २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये एका स्त्रीला हाच आजार झाला आणि तिच्या रक्तातलं ते प्रथिन व्यवस्थित होतं. कच्चं गोमांस कापताना तिच्या हाताला जखम झाली होती. तेव्हा आजारी किंवा मेलेल्या जनावराचं रक्त उघड्या जखमेला लागू देऊ नका, हातमोजे घाला, आणि लांबलेला ताप असेल तर डॉक्टरांना "घरी गुरं आहेत, त्यातलं एक आजारी होतं" हे आवर्जून सांगा. घाबरण्याचं कारण नाही. सर्रा झालेल्या कुत्र्याला हात लावल्याने तो आजार तुम्हाला होत नाही.

माझं मत

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

मी तीस वर्षांच्या आसपास रुग्ण तपासतो आहे. कुत्रा चावलेल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत आलो: "कुत्रा जिवंत आहे का?" तो आजारी होता का, किती दिवस होता, डोळे कसे होते, गोठ्यात आणखी कोणतं जनावर आजारी आहे, हे मी विचारत नव्हतो. लस देऊन मोकळा होत होतो. त्या एका माणसापुरतं ते बरोबर होतं, गावापुरतं मात्र अपुरं होतं. तो कुत्रा रेबीजचा असेल तर त्याने आणखी कोणाला चावलं, हे शोधायला हवं होतं. तो सर्र्याचा असेल तर त्याच गोठ्यातल्या म्हशीचं रक्त तपासायला हवं होतं. दोन्ही कामं झाली नाहीत, कारण कुत्रा मारला गेला, गाडला गेला, आणि मी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं गावासाठी आहे. विचित्र वागणाऱ्या कुत्र्याला काठीने मारू नका. यात दया आहेच, पण त्याहून व्यवहार आहे. मारायला जाताना दोन-तीन जणांना चावे बसतात, रक्त-लाळ उडते आणि निदान मातीत जातं. लहान मुलं दूर करा, कुत्रा अंगणात किंवा खोलीत असेल तर बाहेरून दार लावा, हात लावू नका, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कुत्रा मेलाच तर उघड्या हाताने उचलू नका. पशुवैद्यांना विचारा. मेंदूचा नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवला तर रेबीज होता की नाही हे कळू शकतं. ते काम त्यांचं आहे, घरी करायचं नाही.

दुसरं म्हणणं पशुवैद्यक मित्रांसाठी, आणि ते अधिकाराने नाही तर विनंतीने. ताप, निळा डोळा, सूज आणि लडखडणं असलेल्या कुत्र्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर जरूर पाहा, अर्थात स्वतःची काळजी घेऊन आणि स्वतः रेबीजची लस घेतलेली असताना. परजीवी कधी रक्तात भरपूर असतो, कधी दिसतच नाही, म्हणून एक काच कोरी निघाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी लागते. कारण न शोधता मेंदूची सूज उतरवायला नुसतं स्टिरॉइड दिलं तर कुत्रा दोन दिवस बरा दिसतो आणि परजीवीला रान मोकळं मिळतं, ही गोष्ट मालकांनीही लक्षात ठेवावी. औषध दुकानातून स्वतः आणून टोचू नका. सर्र्यावर वापरलं जाणारं डिमिनाझिन कुत्र्यात जपून द्यावं लागतं, मात्रा चुकली तर त्याच्याच मेंदूला इजा होते. शिवाय ते मेंदूत पुरेसं पोचत नाही, त्यामुळे तिथे दडलेले परजीवी काही आठवड्यांनी पुन्हा रक्तात उतरू शकतात. म्हणून बरा वाटलेला कुत्राही परत दाखवायला हवा.

तिसरं म्हणणं माझ्यासाठी आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी. आपल्या तालुक्यात माणसांचा दवाखाना आहे, जनावरांचा दवाखाना आहे, दोन्हींत सूक्ष्मदर्शक आहेत. नाही तो एकमेकांचा फोन नंबर. मी तो मागून घेतला आहे. आता कुत्रा चावलेला रुग्ण आला की मी जखम पाहतो, लस देतो आणि पशुवैद्यांना एक फोन करतो. पाच मिनिटंही लागत नाहीत. मोठ्या परिषदांमध्ये याला "एक आरोग्य" म्हणतात. तुमसरमध्ये त्याचा अर्थ इतकाच की गोठ्याची बातमी दवाखान्यात पोचली पाहिजे आणि दवाखान्याची गोठ्यात.

घरच्यांनी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्या, गावठी असला तरी. मेलेलं जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरा, म्हणजे कुत्रे ते ओढणार नाहीत. कुत्र्याला कच्चं मांस घालू नका. गोठ्यातलं शेण आणि साचलेला चिखल वेळच्या वेळी काढा, संध्याकाळी धूर करा. बैल-म्हशीला चढउताराचा ताप, अशक्तपणा, डोळ्यातून पाणी असेल तर रक्त तपासून घ्या.

तो नऊ वर्षांचा मुलगा? त्याचे सगळे डोस झाले, तो ठीक आहे. शेवटच्या डोसाच्या दिवशी त्याने मला विचारलं, "डॉक्टर काका, आमचा मोत्या खरंच पिसाळला होता?" मी त्याला खरं तेच सांगितलं, "बेटा, मला माहीत नाही. बघायला हवं होतं, बघितलं नाही." तो काही बोलला नाही. त्याच्या वडिलांनी मात्र पुढच्या आठवड्यात दोन्ही म्हशींचं रक्त तपासून घेतलं. एकीच्या रक्तात सर्रा निघाला. औषध दिलं, म्हैस आता ठीक आहे. त्यावरून कुत्र्याबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांनाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो.

पुढच्या वेळी कुत्रा विचित्र वागला, तर काठी उचलण्याआधी फोन उचला. आणि चावा बसला असेल, तर फोनच्याही आधी साबण.

काळजी घ्या.